नाना शितोळ्यांची झडती

मालू गेल्या महिन्यात भोपाळला वारली. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "आजी, आईला शेवटी त्रास झाला नाही." मी त्याची समजूत घातली, फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं की नाना शितोळ्यांबद्दल बोलायला मी आता मोकळी झाले. इतकी वर्षं मी गप्प होते. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही.

नाना म्हणजे मालूचे वडील. रांझीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत होती. मी लग्न होऊन वर्ध्याहून जबलपूरला आले तेव्हा स्टेशनवरून आमची ट्रंक आणणाऱ्या रिक्षातून ती उतरवायला हाच माणूस पुढे आला. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. ट्रंक खाली ठेवताना त्यांनी तिच्या अंगावरून सहज हात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, आत पितळेचे डबे आहेत ना? कपड्यात बरोबर नाही गुंडाळले. पोचे पडून राहिले." उघडून पाहिलं तर खरंच दोन डब्यांना पोचे होते. मी मनात म्हटलं, शेजार तर मोठा भानगडीचा मिळाला.

त्यांचं कामच हात फिरवायचं होतं. फॅक्टरीच्या आत बारूद भरायच्या बिल्डिंगा होत्या. त्यांना वेगळं कुंपण आणि वेगळं गेट. तिथे कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची रोज झडती व्हायची. काडेपेटी चालायची नाही, विडी चालायची नाही, खिळे ठोकलेला बूट नाही, अंगठीसुद्धा नाही. नाना त्या गेटवरचे जमादार. आमचे हे स्टोअरमध्ये होते, तरी त्यांनाही रोज त्या हातांखालून जावं लागे. बाकीचे दरबान खिशापासून सुरुवात करत. नाना कानापासून करत. कानांच्या पाळ्या, मग गळा, मग काखा, कंबर आणि शेवटी पाय. माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. "थोबाड खोटं बोलते, सूनबाई," ते मला म्हणाले होते, "काखा खोटं नाही बोलत."

त्या गेटवर त्यांचा दरारा होता, आणि तो फुकटचा नव्हता. दुबे नावाचा एक भला माणूस, चार पोरांचा बाप. त्याच्या पायजम्याच्या नेफ्यात एक काडी अडकून राहिली होती. पेटी नाही, एकच काडी, तीही बायकोच्या हातून धुण्यात गेलेली असावी. नानांच्या बोटांना ती लागली आणि पुढच्या क्षणी दुबे जमिनीवर होता. समोरचे दोन दात गेले. नाना त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मारत राहिले, तिघांनी मिळून ओढलं तेव्हा सुटला बिचारा. दुसऱ्या दिवशी दुबेच्या घरी शिरा घेऊन जाणारेही नानाच. मी त्यांना फटकारलं, तर म्हणाले, "दोन दात गेले. बिल्डिंगमध्ये चाळीस माणसं आहेत, त्यांचं काय? त्यांना कोण शिरा खाऊ घालीन?"

हिशेब बरोबर होता. पण मारताना त्यांचा श्वास वाढत नाही, असं ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी स्वतः पाहिलं ते गणपतीत. आम्हा मराठी मंडळींचा गणपती क्वार्टरच्या मैदानात बसे. आरतीच्या गर्दीत एका पोराने कुलकर्णीबाईंचं मंगळसूत्र तोडलं. नानांनी त्याला पळू दिलंच नाही. त्याचा हात धरला, मांडवाच्या बांबूवर पालथा ठेवला आणि बोटं मोडली. एकेक करून. आरती चालू होती, झांजा चालू होत्या, म्हणून ओरडणं फारसं ऐकू गेलं नाही. मग त्यालाच चहा पाजला, बशीत ओतून, कारण त्याला कप धरता येईना. कुलकर्णीबाई मंगळसूत्र घेऊन धन्य धन्य करत होत्या. मला मात्र प्रसाद गिळवेना.

आणि हाच माणूस सकाळी उठून पोरीची वेणी घालायचा. मालूची आई बाळंतपणातच गेली असं सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीला तेल लावणं, पोलकी शिवून आणणं, तापात रात्रभर पाय चेपणं, सगळं एकट्याने. मालूच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, खालपर्यंत दोन तुकडे. लहानपणी बाळी पाळण्यात अडकली, असं नाना सांगत. वेणी घालताना ते केस त्या कानावरून घ्यायचे, दिसू नये म्हणून.

त्यांच्या घरात काडेपेटी नव्हती. गेटवर आपल्या अंगाला माचिसचा वासही नको, असं नानांचं म्हणणं. रोज पहाटे मालू पणती घेऊन आमच्या चुलीवर यायची, आणि हाताच्या आडोशाने ज्योत घरी न्यायची. तिच्याशी माझी मैत्री त्या पणतीवरच जमली. मला काकू म्हणायची, पण होती माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच लहान. आईबद्दल फार बोलायची. फोटो नव्हता, म्हणून तिने आई मनानेच तयार केली होती. "नाना दुसऱ्या बाईकडे कधी बघत पण नाहीत, काकू," ती अभिमानाने सांगे. "आईवर इतका जीव होता."

तिचं लग्न राइट टाउनमधल्या एका शाळामास्तरांशी ठरलं. सासरचे कुड्या घालणार होते, म्हणून मी तिला सराफ्यात सोनाराकडे नेलं, फाटलेल्या पाळीच्या वर नवीन भोक पाडून घ्यायला. नाना बरोबर आले. सोनाराने तार कानाला लावली मात्र, हा बोटं मोडणारा माणूस बाहेर जाऊन नालीत ओकला. मी हसले. पुढे महिनाभर मी त्यांना त्यावरून चिडवत होते.

मग एकाहत्तरची लढाई लागली. फॅक्टरी तिन्ही पाळ्या चालू झाली, खिडक्यांना काळे कागद लागले, सुट्ट्या बंद. नवीन मजूर ट्रकांनी भरून यायला लागले. कोण कुठला, बघायला वेळ कुणाला होता? त्या भरतीत बैजनाथ आला.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं. झडतीच्या रांगेत हे मागे होते. नानांची बोटं नव्या माणसाच्या कानांवर गेली आणि तो हसला. म्हणाला, "अब भी कान से शुरू करते हो, भैया?"  नानांचे हात खाली उतरले, पाठीवर आले, आणि डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबले. तिथे जुन्या जखमेचा खड्डा असावा, कारण नाना सदऱ्यावरून तो चाचपत राहिले. रांग खोळंबली. "चलो," नाना अखेर म्हणाले, आणि त्याला आत सोडलं. "गाववाला असेल कुणी," मी म्हटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

तो मग दुपारचा नानांच्या अंगणात येऊन बसायला लागला. खाटेवर पाय पसरून. नाना उभे. मी भिंतीवरून पाहायची आणि मला ते विचित्र वाटायचं, कारण नाना कुणालाही आपल्या पाठीमागे येऊ देत नसत, भाजीवाल्यालाही नाही, आणि इथे स्वतःच्या अंगणात नोकरासारखे उभे. बैजनाथ मालूला "बिटिया" म्हणायचा, पाणी मागायचा, आणि ती लोटा द्यायला वाकली की तिच्या डाव्या कानाकडे बघून हसायचा. मालूने मला सांगितलं, "काकू, त्या माणसाने पाहिलं की मला आंघोळ करावीशी वाटते." नानांना विचारलं तर म्हणाले, दूरचा भाऊ आहे. त्या दिवसांत नानांनी मालूची वेणी घालणं सोडलं. हात दुखून राहिले म्हणाले.

एका दुपारी ते आमच्या दाराशी आले. "सूनबाई, एक माचिस देशील?"

मला थट्टा सुचली. म्हटलं, "नाना, सूर्य कुठे उगवला आज?"

"पाहिजे," एवढंच म्हणाले. मी दिली. ते थट्टेला हसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला, ऐन गर्दीच्या वेळी, नानांनी बैजनाथला गेटवर मारलं. हे तीन माणसं मागे होते. कान, गळा, काखा, सगळं नेहमीसारखं झालं. मग नानांनी त्याच्या खिशातून काडेपेटी काढून वर धरली, रांगेला दाखवली. बैजनाथ म्हणाला, "ये मेरी नहीं है," आणि मग त्याला काहीतरी समजलं असावं, कारण तो पळायला वळला. नानांनी त्याला केसांना धरून गेटच्या दगडी खांबावर आपटलं. पहिल्याच दणक्याला कवटी फुटल्याचा आवाज आला, ह्यांनी ऐकला. नाना थांबले नाहीत. चेहऱ्याचं काही उरलं नाही तोवर आपटत राहिले. खांबावरून रक्त ओघळून खाली रेतीत मुरत होतं आणि रांगेतला एकही माणूस पुढे झाला नाही. दुबेचे दात सगळ्यांना आठवत होते. हे घरी आले ते थेट न्हाणीत गेले, आणि ह्यांच्या सदऱ्यावरचे बारीक थेंब मला दोनदा धुऊनही गेले नाहीत.

आणि गंमत पाहा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रांझीत बोभाटा झाला की नाना जमादारांनी दुश्मनाचा हेर मारला. लढाईचे दिवस, लोकांना हेर हवाच होता. पंजाब्यांनी, बंगाल्यांनी, सगळ्यांनी हार आणले. साहेब लोक म्हणे शिफारस करणार होते. नाना खाटेवर हार घालून बसले होते, आणि मालू अभिमानाने सगळ्यांना चहा देत होती.

हे सगळं एका साहेबाने मोडलं, आणि तेही सहज. चौकशीच्या टेबलावर ती काडेपेटी होती. त्याने एक काडी ओढून पाहिली, पेटली नाही. दुसरी नाही, तिसरी नाही. सगळ्या काड्यांचं गूल भिजून पसरलेलं, पेटी पाण्यातून काढून वाळवलेली. डिसेंबरची कोरडी थंडी. मेलेल्या माणसाचा खिसा कोरडा. न पेटणारी काडेपेटी घेऊन कोण हेर बारुदीत जातो?

हे दुपारी ह्यांच्या कानावर आलं आणि ह्यांच्याकडून माझ्या. थोड्या वेळाने नाना स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उंबऱ्यावर बसले. पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ करून बसले.

"माचिस तुम्ही भिजवली?" मी विचारलं.

"हाव."

"काहून?" मी त्यांचाच शब्द वापरला.

"जित्ती माचिस घेऊन गेटकडे पाय उचलेना, सूनबाई. लई प्रयत्न केला. घरातून निघालो, परत आलो. मग लोट्यात बुडवली, चुलीपाशी वाळवली, तेव्हा जाता आलं." मग म्हणाले, "आत माणसं होती ना."

खून करायला निघालेला माणूस, आणि सोवळं पाळत होता. दुसऱ्या कुणा खुन्याकडून ही चूक झाली नसती. मला त्या क्षणी हसू आलं, आणि पुढचं ऐकून ते हसू आजतागायत मला लाज आणतं.

त्यांनी सांगितलं की शितोळे हे त्यांचं नाव नव्हे, मेलेल्या मावसभावाचं आहे. तरुणपणी ते दमोहकडच्या जंगलात चौघांच्या टोळीत होते. वाटेवर बैलगाड्या अडवायच्या. बायामाणसांची झडती घ्यायचं काम नानांचं. दागिने कुठे असतात? आधी कानात, मग गळ्यात, मग कमरेला. ती सवय हातांतून कधी गेलीच नाही, आणि बैजनाथने त्यांना ओळखलं ते त्यावरूनच. तिकडच्याच पाटण गावाच्या वाटेवर एक कपड्याचा व्यापारी बायको-पोरीला घेऊन लग्नाला चालला होता. पोरगी तान्ही, कानात सोन्याच्या बाळ्या. एक निघाली, दुसरी निघेना, म्हणून ओढली.

"तिचा बाप अंगावर आला," नाना म्हणाले. "माझ्या हातात कुऱ्हाड होती. आईला बैजूनं मारलं. मग पोरगी रडून राहिली म्हणून त्यानं तिला पायाला धरून उचललं, विहिरीत टाकायला. मी त्याच्या पाठीत सुरा घातला. मेला समजलो. पोरगी घेतली आणि चालत सुटलो."

"तिलाच का घेतलं?"

"ते मला आजवर नाही समजलं."

बैजनाथला गेटमधून बारूद बाहेर काढायची होती, जंगलात उरलेल्या लोकांसाठी. नाही म्हटलं तर मालूला सगळं सांगणार होता. एकदा दिली असती तर तो पुन्हा आला असता, आणि दर वेळी तिच्या कानाकडे पाहून हसला असता.

 खोटं कशाला बोलू? या माणसाला मी सणासुदीला पुरणपोळी वाढली होती. मला त्याची किळस वाटली, इतकी की पदर तोंडावर धरून मी मागे सरकले. आणि त्याच वेळी पलीकडे मालू गुणगुणत भांडी घासत होती आणि त्याची मान त्या आवाजाकडे वळली, तेव्हा मला त्याची मायाही वाटली. दोन्ही खरं होतं. अजूनही आहे.

"तिला कळू देऊ नको," ते म्हणाले. "फाशी होऊ दे, पण ते नको." मग उठून स्वतःच्या अंगणात गेले आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसले.

नानांसाठी केलेल्या राइट टाउनच्या वकिलाने डोक्याला हात लावला. तो म्हणे, मेलेला माणूस डाकू होता, धमकावत होता असं काहीतरी कारण द्या, लढाईचे दिवस आहेत, न्यायाधीश नरम पडेल. पण डाकूला तुम्ही कसे ओळखता, हा पुढचा प्रश्न आलाच असता. नानांनी कोर्टात सांगितलं की बाजारातल्या एका बाईवरून दोघांचं भांडण होतं. अशी कुठली बाई नव्हतीच. मालू माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी पिचली.

नानांना जन्मठेप झाली. मालू त्यांना एकदाही भेटायला गेली नाही. "खून केला ते मी सहन केलं असतं, काकू," ती म्हणाली. "पण माझ्या आईच्या नावावर इतकी वर्षं जगले, आणि मागे हे धंदे? मला बाप नाही." तिचं लग्न आम्ही आमच्या अंगणातून लावलं. मास्तर देवमाणूस निघाले, त्यांनी शब्द मोडला नाही. मांडवात कितीदा तरी माझ्या जिभेवर आलं की अगं, तो खोटं बोलला, अशी बाई नव्हतीच. पण एवढं सांगितलं असतं तर मग खरं काय, हे तिने विचारलंच असतं. मी अक्षता टाकल्या.

काही वर्षांनी मालूला मुलगा झाला. बारशाचे लाडू घेऊन मी जेलमध्ये गेले. नाना फार वाळले होते. गजांमागे येऊन उभे राहिले, लाडवांकडे बघितलं नाही. पोरगा कसा आहे, तिला दूध आहे ना, मास्तर बरे वागतात ना, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाले, "राग आहे अजून?"

म्हातारा माणूस, वाळलेला, काय सांगायचं? मला दया आली. म्हटलं, "गेला राग. बाळंतपण झालं ना, मन मऊ झालं. पुढल्या महिन्यात बाळाला घेऊन भेटायला येते म्हणाली."

नानांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गज धरले. दुबेला मारताना ज्याचा श्वास वाढला नव्हता, तो माणूस धापा टाकायला लागला.

"नाही," ते म्हणाले. "नाही, नाही. तिला येऊ देऊ नको. ती पोराला घेऊन समोर बसली तर मला नाही राहवणार, सूनबाई. मी सांगून टाकीन."

मी घाबरले. शिपाई आमच्याकडे बघत होता. मी गजांतून हात घालून त्यांचं मनगट धरलं. "नाना, खोटं बोलले मी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले. ती नाही येत. तुमचं नाव काढलं तरी उठून जाते."

"खरं?"

"बाळाच्या पत्रिकेत आजोबांचं नाव लिहायचं होतं, तर तिने लिहू दिलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, चेहऱ्याकडे. मी खरं बोलते आहे याची खात्री पटेपर्यंत बघत राहिले. मग त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला, रंग परत आला, आणि त्यांनी हात पुढे करून लाडू मागितला.